अर्धा गेम कार्डवर, अर्धा चिठ्ठीवर: दोन घरं आणि एका जुन्या संग्रहाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दोन भावंडांचं आहे. दोघांना विचारूनच लिहितेय, पण नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मोठीला इथे ताई म्हणते, भावाला धाकटा. दोघांच्या घरांमध्ये चार तासांचं अंतर. ताईला दोन मुलं. 2022 मध्ये मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. धाकटा एकटा राहतो आणि कामामुळे महिन्यातले बरेच दिवस फिरतीवर असतो. दोन्ही घरांत एकेक निन्टेंडो स्विच, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल.

माझा संबंध आला तो एका बुटाच्या खोक्यामुळे. जुन्या कार्ट्रिज, म्हणजे ज्यात व्हिडिओ गेम असायचा त्या प्लास्टिकच्या डब्या, उघडून दुरुस्त करायचा मला नाद आहे, हे ताईला ठाऊक होतं. त्या खोक्यात दोघांच्या लहानपणच्या अकरा कार्ट्रिज होत्या. एक सोडून सगळ्या पहिल्याच फटक्यात चालल्या. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून धातूचे दात पुसले, एवढंच केलं. उरलेली पोकेमॉन सिल्व्हर. तीही सुरू झाली, पण मेनूत फक्त नवा गेम आणि ऑप्शन. पुढे चालू ठेवायचा पर्यायच नाही.

ताई म्हणाली, "म्हणजे गेला?"

"गेम आहे. तुम्ही खेळलेलं गेलं."

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या काळच्या कार्ट्रिजमध्ये गेम एका चिपमध्ये कारखान्यातच कायमचा कोरलेला असायचा, त्याला वीज लागत नाही. खेळलेलं मात्र दुसऱ्या छोट्या चिपमध्ये राहायचं, आणि ती चिप एका गोल सेलवर जगायची. पोकेमॉनच्या गोल्ड आणि सिल्व्हर या गेममध्ये त्याच सेलवर घड्याळही चालतं, म्हणून त्यांचे सेल इतरांच्या आधी संपतात. 3.8 मिलिमीटरच्या खास पान्याने स्क्रू काढला, जुना सेल उतरवून नवा सेल डाग देऊन बसवला. कार्ट्रिज पुन्हा सेव्ह करायला लागली. दोघांनी वीस वर्षांपूर्वी जमवलेलं काही परत आलं नाही.

हा प्रसंग मुद्दाम आधी सांगितला, कारण पुढचे सगळे वाद यातूनच निघाले. धाकट्याचं म्हणणं, "बघ, कार्ट्रिज जपून काय मिळालं?" ताईचं म्हणणं, "अकरापैकी अकरा चालतायत, अजून काय पाहिजे?" दोघंही बरोबर होते, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते.

अडचण

त्याच सुमारास नव्वदच्या दशकातल्या एका मालिकेचा संग्रह स्विचवर आला. सहा गेम, एका डब्यात. मालिकेचं आणि पब्लिशरचं नाव इथे महत्त्वाचं नाही. दोघांनी लहानपणी यातले तीन संपवले होते आणि आता ते मुलांना दाखवायचे होते. शिवाय स्विचच्या ऑनलाइन दुकानात जुन्या गेमच्या सुट्या आवृत्त्या होत्याच. त्यातले डझनभर त्यांना हवे होते.

प्रश्न होता तो हा: दोन घरं, दोन कन्सोल, चार खेळणारे, आणि पैसे एकदाच घालायचे. कन्सोलच्या खाचेत घालायची छोटी गेम कार्डं घ्यायची की डाउनलोड?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय धाकट्याचा. सगळं त्याच्या अकाउंटवर डाउनलोड घ्यायचं. फिरतीवर वीस कार्डं सांभाळायला नकोत, एक मेमरी कार्ड पुरतं. जुने गेम आकाराने लहान असतात. स्विचच्या 32 जीबी अंतर्गत मेमरीतही असे कितीतरी मावतात. सवलतीच्या विक्रीत डाउनलोड फार स्वस्त पडतात, हेही खरंच.

दुसरा पर्याय ताईचा. जे कार्डवर मिळतं ते कार्डवरच घ्यायचं. सुट्टीत मुलं मामाकडे जातात तेव्हा सोबत न्यायचं, नको झालं तर कुणाला द्यायचं किंवा विकायचं. तिचा मुख्य आधार सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स होता. 1996, 2002 आणि 2007 मधले तीन मारिओ गेम असलेला हा संग्रह 18 सप्टेंबर 2020 ला आला आणि 31 मार्च 2021 ला बंद होणार असं आधीच जाहीर झालं होतं. त्या तारखेनंतर डाउनलोड विकत मिळणं थांबलं. कार्डं मात्र हातोहात फिरत राहिली आणि आजही फिरतात.

त्यावर धाकट्याने एक चांगला मुद्दा काढला, आणि तो मला तोवर सुचलेला नव्हता. त्या संग्रहात सुरुवातीला कॅमेऱ्याची दिशा उलटी करायची सोय नव्हती. ती नोव्हेंबर 2020 च्या अपडेटने आली. म्हणजे पहिल्या छपाईचं कार्ड हातात असलं तरी ती सोय कार्डात नाही, ती कंपनीच्या सर्व्हरवरून येते. कार्ड म्हणजे अख्खा गेम, हे गृहीत धरता येत नाही.

तिसरा पर्याय मासिक किंवा वार्षिक वर्गणीचा. निन्टेंडोच्या ऑनलाइन वर्गणीत 2018 पासून जुन्या कन्सोलचे गेम मिळतात, यादीही वाढत गेली. मुलांना ओळख करून द्यायला उत्तम. पण कन्सोल दर सात दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावा लागतो, वर्गणी थांबली की गेम थांबतात, आणि त्यांना हवा असलेला संग्रह त्या यादीत नव्हता. हा पर्याय दोघांनीही लवकरच बाजूला ठेवला.

मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. दुकानातून गेम काढून टाकणं वेगळं आणि दुकान बंद होणं वेगळं. 2010 च्या स्कॉट पिल्ग्रिम व्हर्सेस द वर्ल्ड या गेमचं उदाहरण दिलं. परवान्यामुळे तो 2014 च्या शेवटी दुकानांतून उतरला आणि थेट जानेवारी 2021 मध्ये परतला. मधली सहा वर्षं नव्या माणसाला तो विकत घेता येत नव्हता. निन्टेंडोच्या थ्रीडीएस आणि वी यू या आधीच्या कन्सोलचं ईशॉप, म्हणजे ऑनलाइन दुकान, विक्रीसाठी बंद होणार असल्याचंही नुकतंच जाहीर झालं होतं, आणि 27 मार्च 2023 ला ते झालंच. पण तिथे आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घ्यायची सोय चालू ठेवली गेली. म्हणून "डाउनलोड म्हणजे उद्या गायब" हेही सरसकट खरं नाही. अडतो तो उशिरा येणारा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात अमेरिकेत 2010 पूर्वी आलेल्या खेळांपैकी 87 टक्के बाजारात मिळत नव्हते असं दिसलं. री-रिलीज, म्हणजे जुना गेम नव्याने बाजारात आणणं, ही उरलेल्या तेरा टक्क्यांतली गोष्ट आहे, आणि त्यातलंही काही परत निसटतं.

काय केलं

शेवटी मधला मार्ग निघाला. सुटे छोटे गेम धाकट्याने त्याच्या अकाउंटवर घ्यायचे, मोठे संग्रह ताईने कार्डवर. कागदावर हे छान दिसत होतं. मीही मान डोलावली, आणि ती चूक माझीही आहे, कारण दोन प्रश्न मी विचारायला हवे होते ते विचारले नाहीत.

पहिला प्रश्न मुख्य कन्सोलचा. त्या वेळच्या नियमांप्रमाणे एका अकाउंटला एकच कन्सोल मुख्य म्हणून लावता यायचा. मुख्य कन्सोलवर घरातलं कुणीही, इंटरनेटशिवाय, त्या अकाउंटचे गेम खेळू शके. दुसऱ्या कन्सोलवर फक्त अकाउंटचा मालक, आणि तेही इंटरनेटवर तपासणी झाल्यावरच. मुलांना खेळता यावं म्हणून धाकट्याने ताईचा कन्सोल मुख्य केला.

दुसरा प्रश्न डब्याचा. संग्रहाचा डबा ताईने मागवला. तो आला त्या शनिवारी धाकटा तिच्याकडेच होता. डबा उघडला तर एका बाजूला कार्ड, दुसऱ्या बाजूला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर कोड. सहापैकी तीन गेम कार्डवर, उरलेले तीन कोड टाकून उतरवायचे. डब्याच्या मागे खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं होतं. आम्ही कुणी वाचलं नव्हतं. ही पद्धत काही जगावेगळी नाही. मोठ्या क्षमतेचं कार्ड बनवायला जास्त खर्च येतो, म्हणून काही प्रकाशक लहान कार्ड घालून उरलेलं डाउनलोडवर सोडतात. आणि कधी कधी, इथल्यासारखं, दोन जुने संग्रह एका डब्यात बांधताना एकच कार्डवर घालतात.

धाकट्याने सवयीने चिठ्ठी उचलली आणि कोड स्वतःच्या अकाउंटवर टाकला. "डिजिटल ते माझ्याकडे" असंच ठरलं होतं ना. दोन मिनिटांचं काम. त्या क्षणी एका डब्याचे दोन मालक झाले, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

काय झालं

पहिली ठेच धाकट्याला लागली. लांबच्या रेल्वे प्रवासात त्याने कन्सोल काढला, मोबाइलला रेंज नव्हती, आणि त्याने स्वतःच्या पैशांनी घेतलेला एकही गेम सुरू झाला नाही. सोबत कार्ड एकच होतं, ताईकडून उसनं आणलेलं. ते चाललं. घरी येऊन त्याने चिडून स्वतःचा कन्सोल मुख्य केला. दुसऱ्या दिवशी ताईच्या मुलीचे सगळे गेम बंद. ती फोनवर मामाला विचारत होती, "तू परत घेतलेस का?" त्याने त्याच संध्याकाळी सगळं पूर्ववत केलं आणि त्यानंतर प्रवासात कार्डंच नेऊ लागला.

दुसरी गोष्ट सहा महिन्यांनी. मुलाच्या मित्राला संग्रह आवडला होता, म्हणून ताईने डबा त्याला महिनाभर दिला. दोन दिवसांत निरोप आला: चौथा, पाचवा, सहावा गेम दिसत नाहीत. अर्थात दिसणार नव्हते. ते धाकट्याच्या अकाउंटवर होते आणि अकाउंट उसनं देता येत नाही. ताईला याचं फार वाईट वाटलं. मित्राला अर्धं दिल्यासारखं झालं. डबा तोच, चित्र तेच, आतली चिठ्ठी मात्र आता नुसता कागद होती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात शिकवणारी वाटते. मुलाने एक कार्ड हरवलं. स्विचचं कार्ड टपाल तिकिटाएवढं असतं. लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून त्याला कडू चव दिलेली असते, पण हरवू नये म्हणून काही करता येत नाही. हा गेम पूर्णपणे कार्डवरचा होता, आणि मुलगा तो चार महिने खेळत होता. त्याने रडत सांगितलं की सगळं गेलं. ताईलाही तसंच वाटलं, कारण तिच्या डोक्यात ती सिल्व्हर कार्ट्रिज होती.

मी तिला फोनवर कन्सोलची सेटिंग उघडायला लावली. डेटा व्यवस्थापनात त्या गेमचं नाव आणि मुलाचा सेव्ह जसाच्या तसा होता. स्विचमध्ये खेळलेलं कार्डवर राहत नाही, कन्सोलच्या अंतर्गत मेमरीत राहतं. वीस वर्षांपूर्वी होतं त्याच्या नेमकं उलट. ताईने जुन्या बाजारातून त्याच गेमचं वापरलेलं कार्ड घेतलं, खाचेत घातलं, आणि मुलगा जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू झाला. डाउनलोडचा गेम असा हरवला नसता हे खरं. पण कन्सोल हरवला असता तर कार्ड हातात असूनही ते चार महिने गेले असते, जोवर वर्गणी भरून क्लाउडवर सेव्ह ठेवलेला नाही तोवर. आणि काही गेम क्लाउडवर सेव्ह ठेवूच देत नाहीत.

चौथी गोष्ट लहान. धाकट्याचं मेमरी कार्ड मेलं. त्याने नवं घातलं, यादी उघडली, सगळं परत उतरवलं. त्यातला एक गेम मधल्या काळात दुकानातून निघून गेला होता, तरी त्याच्या यादीत होता आणि उतरला. इथे ताईने मान्य केलं की डाउनलोड इतकंही कच्चं नसतं.

निर्णयाच्या जागा

मागे वळून बघताना मोठा निर्णय, म्हणजे कार्ड की डाउनलोड, हा तितकासा निर्णायक नव्हता असं मला वाटतं. खरं वळण शनिवारच्या त्या दोन मिनिटांत होतं, जेव्हा कोड कुणाच्या अकाउंटवर जाणार हे न बोलता ठरलं. गेम विकत घेताना आपण विचार करतो. कोड टाकताना करत नाही. तो कोड ताईच्या अकाउंटवर गेला असता तर संग्रहाचे सहाही गेम एकाच घरात राहिले असते. मित्राला देताना अडचण आलीच असती, पण निदान तिला ती आधी कळली असती.

मुख्य कन्सोलचा निर्णय तर गैरसमजातून झाला. धाकट्याला वाटलं ही नुसती एक सेटिंग आहे. त्या एका सेटिंगने इंटरनेटशिवाय कोण खेळणार हे ठरत होतं, आणि सतत फिरतीवर असलेला माणूस नेमका तोच हक्क सोडून देत होता.

माझी चूक अशी की मी दोघांना दुकानं बंद पडण्याच्या गोष्टी सांगत बसले. त्या खऱ्या आहेत, मला जिव्हाळ्याच्या आहेत. पण या दोन घरांना पहिल्या वर्षी त्रास झाला तो दुकान बंद पडून नाही. प्रत्येक गेमसाठी तीन साधे प्रश्न विचारायला हवे होते: गेम नेमका कुठे आहे, खेळलेलं कुठे राहतं, आणि हक्क कुणाच्या नावावर आहे. जुन्या कार्ट्रिजमध्ये या तिन्हींचं उत्तर एकच होतं, तळहातावर मावणारं. आता ती तीन ठिकाणी विखुरली आहेत.

आज हेच करायचं असतं तर

नियम बदलले आहेत. एप्रिल 2025 पासून स्विचवर व्हर्च्युअल गेम कार्ड आली. डाउनलोड घेतलेला गेम एका कन्सोलमधून काढून दुसऱ्यात घालता येतो, आणि कुटुंब गटातल्या माणसाला 14 दिवस उसना देता येतो. मुदत संपली की आपोआप परत येतो. उसना देताना दोन्ही कन्सोल एकमेकांजवळ असावे लागतात. चार तासांच्या अंतरावरच्या भावंडांसाठी ही अट छोटी नाही, पण सुट्टीत मुलं मामाकडे असताना चालून जाते. 2022 मध्ये हे असतं तर रेल्वेतला प्रसंग बहुधा घडला नसता.

उलट बाजूला, जून 2025 मध्ये आलेल्या स्विच 2 वर गेम-की कार्ड निघाली. यात कार्ड असतं, पण त्यावर गेम नसतो; गेम पूर्ण उतरवून घ्यायचा आणि खेळताना कार्ड खाचेत ठेवायचं. तरी एक बरं, ते अकाउंटला बांधलेलं नाही. त्यामुळे ते देता येतं, विकता येतं, आणि या बाबतीत ते चिठ्ठीवरच्या कोडपेक्षा कितीतरी सरस. पण सर्व्हर गेला की ते प्लास्टिक. मी स्वतः जपून ठेवायला म्हणून असं कार्ड घेणार नाही. मुलांना वर्षभर खेळून पुढे द्यायला म्हणून घेईन.

या दोघांना मी आज सांगेन ते एवढंच. ज्या री-रिलीजमागे "हे पुढच्यांना द्यायचंय" अशी भावना आहे, ती कार्डवर घ्या, आणि घेण्याआधी डब्याचा तळ वाचा: सगळे गेम कार्डवर आहेत का, डाउनलोड लागतं का. स्वतः एकट्याने प्रवासात खेळायचे छोटे गेम डाउनलोड घ्या, आणि ते स्वतःच्या कन्सोलवर राहू द्या. अर्धं-अर्धं असलेले संग्रह टाळा, किंवा दोन स्वतंत्र खरेद्या समजूनच घ्या.

ताईने माझ्या आधीच एक उपाय काढला होता. तिने मुलाच्या जुन्या वहीत पान आखलं आहे: गेम, कार्ड की डाउनलोड, अकाउंट कुणाचं, सेव्ह कुणाच्या कन्सोलवर, कुणाला दिलाय. संग्रहासमोर तिने दोन ओळी वापरल्या आहेत, एक आपल्या नावाने आणि एक भावाच्या. खाली मुलीच्या अक्षरात सिल्व्हरचीही नोंद आहे. सेव्हच्या रकान्यात तिने लिहिलंय: "आतच."

हरवलेलं कार्ड गेल्या उन्हाळ्यात सापडलं. कन्सोलच्या प्रवासी कव्हरचं अस्तर एका कोपऱ्यात उसवलं होतं, त्याच्या आत सरकलेलं. आता घरात एकाच गेमची दोन कार्डं झाली. एक मुलाने पाकिटात घालून मामाला पाठवलं, आणि वहीत "कुणाला दिलाय" या रकान्यात मामाचं नाव लिहून शेजारी कंसात लिहिलं: परत नको.